गव्हाणीतल्या बाळाची माती

गोदाकाठच्या एका गावात लाजरस नावाचा कुंभार राहत होता. हाताचा मोठा कसबी. त्याचे माठ उन्हाळाभर पाणी गार ठेवीत, आणि त्यांची तारीफ ऐकायला तो स्वतः कधी कंटाळत नसे.

त्या वर्षी गावात नवे चर्च उभे राहिले. नाताळासाठी तिथे येशूजन्माचा देखावा मांडायचे ठरले. चर्चचे कारभारी सिमोनराव म्हणाले, "मेंढपाळ, गाईगुरं लाजरस करील. गव्हाणीतलं येशूबाळ मात्र शहरातून प्लॅस्टरचं आणू. देवाचं काम आहे, तिथं तळ्यातली माती कशी चालेल?"

लाजरसला ते झोंबले. "आज्यापणज्यापासून या गावाला मडकी आम्ही दिली," तो म्हणाला. "बाळबी मीच देणार. नाताळच्या सकाळी गव्हाण रिकामी दिसली तर खुशाल तुमचं आणा. मी पुन्हा चाकाला हात लावणार न्हाई."

बोलून तर बसला. पण घरी येताच कारभाऱ्यांचेच म्हणणे त्याच्या डोक्यात घोळू लागले.

कुंभार मातीत राख आणि घोड्याची लीद मिसळतात. लीद नसली तर माती भाजताना तडकते, हे काही लाजरसला कोणी शिकवायला नको होते. त्याची बायको सलोमी अशी माती पायांनी तुडवून तुडवून मऊ करी. मेंढपाळ, गाढव, मरिया, योसेफ, सगळे त्याच मातीचे झाले. बाळाची वेळ आली तसा लाजरस म्हणाला, "याच्यात लीद नको. देवाच्या अंगात लीद घालू का मी?"

त्याने माती तीनदा धुतली, मलमलीतून गाळली आणि नुसत्या मातीचे बाळ घडवले. ते इतके देखणे झाले की सलोमीही काम टाकून पाहत राहिली. भट्टीत गेले आणि छातीपासून पोटापर्यंत तडकले. दुसरे केले, त्याचे दोन तुकडे झाले. नाताळ आठवड्यावर आला. लाजरस भट्टीपाशी डोके धरून बसला. भरल्या गावात दिलेला शब्द आता त्याचे चाक हिरावून घेणार होता.

सलोमी शेजारी येऊन बसली. "आवं, एक इचारू? आदामाला देवानं कशाचा केला?"

"मातीचा."

"गाळून घेतली व्हती का?"

लाजरसची नजर मलमलीच्या फडक्याकडे गेली.

"अन् येशू खरंच माणूस झाला, का माणसाचं सोंग घेतलं त्यानं? त्याला भूक लागली, तहान लागली, त्याचं रगात सांडलं. ढोरांच्या गोठ्यात जन्मला तो. त्याला लिदीचं वावडं न्हवतं, तुमाला कशापायी?"

ज्याला आपण देवाचा मान समजत होतो, ती आपल्याच मातीची लाज होती, हे लाजरसला कळले आणि तो मनातून ओशाळला. तो उठला. स्वतःच्या हातांनी त्याने लीद मिसळली आणि तिसरे बाळ घडवले. भट्टीतून ते अखंड निघाले, पक्क्या विटेच्या रंगाचे. टिचकी मारली तर खणखणीत वाजले.

नाताळच्या सकाळी सारे गाव चर्चमध्ये लोटले. सिमोनरावांनी बाळ निरखून पाहिले. "सुरेख झालंय," ते म्हणाले. "पण याच्यासाठी तरी माती वेगळी घेतलीस ना?"

सगळ्यांनी कान टवकारले. नुसते 'हो' म्हटले असते तरी भागले असते.

लाजरस ताठ उभा राहिला. "न्हाई, कारभारी. तळ्याचीच माती हाय. राखेसकट, लिदीसकट. तुमी आमी ज्या मातीचे, त्याच मातीचा तो झाला. हलकी असती तर त्यानं अंगावर घेतली असती का?"

सिमोनरावांनी त्या तांबड्या बाळापुढे गुडघे टेकले, आणि त्यांच्यामागे साऱ्या गावाने.

तात्पर्य: जी माती देवाने आपल्या हातांनी घडवली आणि पुढे स्वतः अंगावर घेतली, त्याच मातीचे आपण आहोत. माणूस असण्याची लाज कधी बाळगू नये. त्याचा अभिमानच बाळगावा.