हिंगुळाचा ठिपका

एकदा एक म्हातारी गोंदणारीण होती. तिच्या डाव्या दंडावर रंगीत ठिपक्यांची वेडीवाकडी रांग होती. नक्षी म्हणावी तर नक्षीही नाही. नवा रंग आधी आपल्या अंगावर टोचायचा, महिनाभर वाट पाहायची आणि मगच तो गिऱ्हाइकाला लावायचा, असा तिचा नेम. तिच्या हाताखाली शिकणाऱ्या रखमाला हे म्हातारपणाचं खूळ वाटे.

म्हातारी परगावी गेली असताना एका व्यापाऱ्याची मुलगी आली. तिला कपाळावर कधीच न पुसणारं लाल कुंकू गोंदून हवं होतं. रखमाने ते हौसेने गोंदलं. पंधरा दिवसांत कपाळ टरारून सुजलं आणि सूज डोळ्यावर उतरू लागली. वैद्यांनी स्पष्ट सांगितलं, "आत काय गेलंय ते कळल्याखेरीज मी औषध देणार नाही. उलटं पडलं तर डोळा जाईल."

व्यापारी तडक गोंदणारणीच्या दारात आला. म्हातारी नुकतीच परतली होती. "काय घातलंत माझ्या पोरीच्या कपाळात?"

"नेहमीचाच रंग," रखमा म्हणाली. "तिची कातडीच नाजूक, त्याला मी काय करू?" लबाडीला सबब शोधावी लागत नाही, ती हाताशीच असते.

म्हातारीने रखमाकडे एकदा पाहिलं. मग तिने रखमाने वापरलेली लाल रंगाची वाटी पुढे ओढली, सुई बुडवली आणि आपल्याच दंडावर टेकवली.

व्यापारी संतापला. "आजी, तिकडे पोरीचा डोळा जातोय आणि तुम्ही गोंदत काय बसलाय?"

सुई टोचणार, तोच रखमाने म्हातारीचं मनगट घट्ट धरलं. "नको आजी. त्यात हिंगूळ आहे. बैलांच्या शिंगांना लावतात तो."

व्यापारी तसाच वैद्यांकडे धावला. रखमा रडू लागली.

म्हातारी म्हणाली, "पोरी, कातडी मुकी नसते. परकं काही आत शिरलं की ती सुजते, त्याच्याशी झगडते. आपण मात्र तिलाच नाजूक म्हणून मोकळे होतो. आणि एवढंच सांग, माझ्या म्हाताऱ्या दंडासाठी तुझा हात धावला. त्या पोरीच्या कपाळापाशी तो का थांबला नाही?"

रखमाने डोळे पुसले, तीच वाटी पुढे ओढली आणि त्यातला एक ठिपका आपल्या दंडावर टोचला.

मुलीचा डोळा वाचला, कपाळावरची गाठ मात्र राहिली. पुढे रखमाचंही नाव झालं. तिच्या दंडावरच्या रांगेतला पहिला ठिपका लाल आणि खरबरीत होता, आणि तो कुठला हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला, त्याने न विचारताही, सांगे.

दुसऱ्याच्या अंगात काही घालण्याआधी आपला दंड कोरा तर नाही ना, एवढं पाहावं.