बयजाक्काची न मिटलेली वाकळ

घाटमाथ्यावरच्या हिरडेवाडीला गाडीरस्ता नव्हता, खिंडीतून पायीच यावं लागायचं, तेव्हाची ही हकिगत. फार वर्षांपूर्वीची. सांगणारे गेले, त्यांना सांगणारेही गेले, पण थंडी पडली की वाडीत हे नाव निघतंच.

बयजाक्का वाकळा शिवायची. वाकळ म्हणजे आपली गोधडी. पण बयजाक्काच्या वाकळेवर चांदण्या असत. अंगणात राखेनं आधी चांदणी आखायची, मग कापडाचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापून टोकाला टोक जुळवायची. पाळण्यातल्या लेकराला लुगड्याच्या मऊ चांदण्या, नव्या नवरीला खणाच्या, म्हाताऱ्यांना जुन्या धोतराच्या, आत घोंगडीचा तुकडा घालून. माणूस बघितलं की माप कळायचं तिला. तिच्या वाकळेखाली स्वप्नसुद्धा वाईट पडत नसे, असं म्हणतात.

तिला एकच लेक, सुभाना. साहेबाची मोठी लढाई लागली, तिला आपली माणसं लाम म्हणत. सुभाना लामावर गेला. जाताना म्हणाला, "आये, माझ्यापुरती एक शिवून ठेव. आलो की पांघरतो."

तिनं त्याच दिवशी सुई घेतली. त्याचं लहानपणीचं अंगडं पेटीत होतं, त्याची चांदणी मधोमध बसवली. वाडीत रीत अशी, की वाट बघायची वाकळ असेल तर शेवटचा टाका घालायचा नाही. माणूस परतला की घालायचा. आणि ती वाकळ कापायची तर मुळीच नाही. कापली की माणसाची वाट तुटते.

सुभाना आला नाही. टाका घालता येईना, म्हणून बयजाक्का कडेनं चांदण्या जोडत राहिली. घराघरांतून चिंध्या मागून आणायची. वाकळ अंथरुणाएवढी झाली, मग खोलीएवढी, मग अंगणात उन्हाला टाकली की अंगण दिसेना. शेजारची हौसा कुडावरून म्हणायची, "अक्का, किती वाढिवतीस? गाव झाकायचंय का काय?"

"माझा सुभाना उंच हाय," बयजाक्का म्हणायची.

"तुझा सुभाना काय ताडाचं झाड हाय व्हय?"

बायका हसायच्या. बयजाक्का दोरा दातानं तोडायची आणि पुढची चांदणी घ्यायची. लाम संपला, दुसऱ्या गावांची माणसं परतली. तिला कुणी काही सांगायला गेलं, की ती सुईत दोरा ओवत बसायची. डोळे अधू झाले होते, पण दोरा चटकन ओवला जायचा, असं म्हणतात.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. सकाळी पाणी भरणारं माणूस संध्याकाळी तिरडीवर. साथ पसरू नये म्हणून आजाऱ्यांच्या अंथरूण-पांघरुणाची होळी केली, घरोघरची. आणि त्याच साली थंडी अशी पडली की रांजणातल्या पाण्यावर साय धरल्यासारखा बर्फ धरला. तापातून उठलेली पोरं थंडीनं जाऊ लागली. वाडीत एकच पांघरूण उरलं होतं.

एका सकाळी हौसा दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"अक्का, माझी चिंगी काळीनिळी पडलीया."

बयजाक्कानं वाकळेची कड जवळ ओढली.

"मागाया न्हाई आले. नुसतं सांगाया आले," हौसा म्हणाली आणि वळून गेली.

बयजाक्कानं वाकळ उन्हात पसरली. बराच वेळ तिच्याकडं बघत बसली. मग मधल्या चांदणीवर हात ठेवून म्हणाली, "सुभाना, लेकरा, जरा सरक. पोरांना जागा दे."

आणि तिनं कातर लावली.

कडेपासून कापत आली ती. कडा दुमडायची, टाके घालायची, घर गाठायची, परत येऊन पुढचा तुकडा. कुणाला चार चांदण्या, कुणाला सहा. जितकं कापावं तितकं पुरत गेलं, आणि ज्या पोरावर जो तुकडा घातला तो त्याच्या पायांपर्यंत बेतानं आला, असं म्हणतात. दिवस कलता कलता तिच्याजवळ मधला तुकडाच राहिला. तो घेऊन ती हौसाकडं गेली.

हौसानं अंगड्याचं कापड ओळखलं. "ही ऱ्हाऊ दे अक्का. ही सुभानाची हाय."

"सुभाना मोठा झाला आता," बयजाक्का म्हणाली. "त्याला पुरायची न्हाई."

तिनं चिंगीवर तुकडा घातला, इतकी वर्षं राखलेला शेवटचा टाका तिथंच घातला आणि दोरा तोडला.

दुसऱ्या दिवशी बयजाक्का तिच्या ओसरीवर निजलेली सापडली. अंगावर लुगड्याखेरीज काही नव्हतं. सगळ्या अंगावर दहिवर गोठलं होतं, चांदण्याचांदण्यांचं, टोकाला टोक जुळलेलं. ऊन वर आलं तरी ते विरघळलं नाही. तसंच तिला नेलं, असं म्हणतात. त्या दिवसानंतर वाडीतलं एकही पोर दगावलं नाही.

पुढं काही वर्षांनी, अशाच थंडीत, हौसा लाकडं घेऊन खिंडीतून येत होती. तिथल्या सपाट दगडावर एक उंच माणूस बसला होता, अंगात लामावरचा फाटका कोट. खाली वाडीत घरोघरी वाकळा उन्हात टाकल्या होत्या, तिकडं टक लावून बघत होता. कुडकुडत होता. हौसाला म्हणाला, "आमची आय उठली असंल का?"

हौसाच्यानं नाही म्हणवेना. "बस जरा, पांघरूण आणते," एवढंच म्हणाली. धावत घरी गेली, चिंगीची वाकळ घेऊन धावत आली. दगड मोकळा. सगळ्या दगडावर दहिवर होतं, एक माणूस बसेल एवढीच जागा कोरडी होती.

हिरडेवाडीत अजूनही थंडी सुरू झाली की प्रत्येक घर एका चांदणीचं कापड देतं. बाया मिळून वाकळ शिवतात, उंच माणसाच्या मापाची. हौसाच्या घरातली सून ती खिंडीतल्या दगडावर घडी करून ठेवते. शेवटचा टाका घालत नाहीत, सुई दोऱ्यासकट तिथंच टोचलेली असते. होळीचा सण झाला की ती उसवून त्या साली जन्मलेल्या लेकरांना तिच्या चांदण्या वाटतात.

थंडीभर रोज सकाळी कुणीतरी खिंडीत जाऊन बघून येतं. बहुतेक वेळा घडी तशीच असते. एखाद्या साली मोडलेली सापडते, आणि मग त्या दिवशी वाडीत कुणी मोठ्यानं बोलत नाही. सुई मात्र टोचलेल्या जागीच असते.