ठमाईनं पाण्यातून नेलेली शीव

घाट उतरायला बैलांनाही वाट नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. कोंडवण्यात ठमाबाई नावाची विधवा राहायची. मासे धरायच्या बांबूच्या टोपल्या विणायची, ओढ्यात लावायची, सापडेल ते विकून पोट भरायची.

गावाला काळकाईची देवराई होती. दर चैत्रात गाव तिची शीव, म्हणजे हद्द, कोरड्या वाटेनं चालून येई, आणि तिथली वाळकी काटकीही कुणी उचलत नसे. पण देवराईच्या मधून वाहणारा ओढा मात्र कुणी देवीचा मानत नसे. झाडं देवीची, पाणी सगळ्यांचं, असं लोक समजत. म्हणून दर चैत्रात जत्रेला गेळफळं कुटून देवराईतल्या डोहात टाकत. त्यांच्या विषानं मासे गुंगून वर येत आणि गावजेवण होई. बारकी पिल्लं तशीच काठाला पांढरी पडून राहत.

असं करता करता ओढा ओस पडत गेला. बेडूक मुके झाले. पाण्यावर हिरवी साय धरू लागली. खंड्या पक्षीसुद्धा देवराई सोडून गेला, असं म्हणतात. ठमाबाईच्या टोपल्या रिकाम्या निघू लागल्या.

एका वर्षी पाऊस कमी झाला आणि फाल्गुनातच ओढा आटला. वरचे-खालचे होते नव्हते ते मासे त्या एका डोहात गोळा झाले. लोक म्हणाले, यंदा जत्रा जोरात होणार.

ते ऐकून ठमाबाईला घास गोड लागेना. एवढे गेले की ओढ्यात बियाण्यालाही मासा उरणार नाही, हे तिला कळत होतं. जत्रेच्या सकाळी माणसं गेळफळांच्या पाट्या घेऊन आली, तर बाई डोहात छातीभर पाण्यात उभी.

मल्हारजी पाटलांनी तिला समजावलं, मग दटावलं. ती हलेना. शेवटी ते म्हणाले, "ठमे, देवीच्या झाडाला कुणी हात लावलाय का? आम्ही पाण्याला आलोय."

ती म्हणाली, "पाटील, देवीची झाडं मग पाणी कुणाचं पितात?"

 पाटलांनी डोक्यावरची पाटी उतरवून बाजूला ठेवली. त्याच वेळी ठमाबाईच्या टाचेखाली गार झरा फुटला. डोह काठोकाठ भरला आणि आटलेला ओढा भर चैत्रात खळखळून वाहू लागला, असं म्हणतात.

त्या जत्रेला गावानं पिठलं-भाकरी खाल्ली, आणि पोटभर खाल्ली. ठमाबाईनं आपल्या टोपल्याही देवराईबाहेर, ओढा नदीला मिळतो तिथं नेल्या. काही पावसाळे गेले. वर वाढलेले मासे खाली उतरू लागले आणि तिला टोपली एकटीनं उचलवेना.

म्हातारपणी ती डोहावर आंघोळीला गेली, ती परतलीच नाही. काठावर लुगड्याची घडी तेवढी होती. त्या दिवसापासून डोहात एक मोठा मासा दिसतो आणि तो माणसाला भीत नाही, असं म्हणतात.

कोंडवण्यात चैत्रात देवराईची शीव अजून चालतात, पण आता कोरड्या वाटेनं नाही. झऱ्यापासून नदीपर्यंत सगळा गाव गुडघाभर पाण्यातून जातो. म्हाताऱ्यांना हाताला धरतात, पोरांना मध्ये घेतात. मासे येऊन पायांना हळूच तोंड लावतात आणि पोरं खिदळतात. मग आया सांगतात, "हलू नका रे. ठमाई विचारतेय, कुणाची तुम्ही?"

आणि पोरं खाली वाकून पाण्याला आपापलं नाव सांगतात.