तांब्याचं टोपडं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. घाटमाथ्यावरच्या गारमाळात तेव्हा रस्ता पोचला नव्हता, थंडी मात्र दरवर्षी न चुकता पोचत होती. त्या गावात बयजाआत्या राहायची. ती विणायची. साळिंदराचे दोन लांब काटे, ह्याच तिच्या सुया. मेंढपाळ माळावर उतरले की कोकरांची पहिली मऊ लोकर ती मागून आणायची, रिठ्याच्या पाण्यात धुवायची, सूत काढायची आणि टोप्या, मोजे, गळपट्टे विणून ओसरीवरच्या दोरीला टांगायची. तेच तिचं दुकान. गिऱ्हाइकाच्या डोक्याकडे एकदा बघितलं की झालं माप. असं म्हणतात, तिच्या मापात कधी तिळाएवढाही फरक पडला नाही.

हे ती शिकली कुठं, यावर गावात अजून वाद आहे. कुणी म्हणतं, गोऱ्यांच्या छावणीतल्या मडमेकडे. कुणी म्हणतं, सुगरण पाखराचं घरटं उसवून पुन्हा विणता विणता. मला दुसरं खरं वाटतं, कारण आत्याला माणसानं शिकवलेलं काही चालत नसे.

पण थंडी ज्यांना सगळ्यात आधी झोंबते, त्यांच्यासाठीच तिला विणता येत नव्हतं. मूल जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवायचं नाही, विणायचं नाही, विकत आणायचं नाही, ही गावाची रीत. तशी तयारी केली की म्हणे सटवाईला आयतीच खबर लागते आणि ती बाळाच्या कपाळी वाईट लिहून जाते. तान्ह्याचं टोपडं नुसतं दोरीला टांगलेलं दिसलं तरी बायका वाट बदलून जात. बाळ आलं की मग आत्याला निरोप, आणि विणायला तर दोन दिवस लागायचे. तोवर बाळ जुन्या लुगड्याच्या धडप्यात.

शेजारच्या म्हाळसाबाईची सून हौसा पौषात बाळंत झाली, मुलगी झाली. आत्या जागची न हलता विणत राहिली आणि दुसऱ्या दिवशी टोपडं घेऊन धावली. पण पोर थंडीनं गेली होती. आत्यानं ते टोपडं तिच्या डोक्याला बांधलं, घरी आली आणि सुया ठेवून खूप रडली.

पुढच्या वर्षी हौसाला पुन्हा दिवस गेले आणि पुन्हा पौषच येत होता. हौसा येता-जाता थांबायची. नुसती आत्याच्या दोरीकडे बघत उभी राहायची. ते बघणं आत्याला सोसवेना. आगाऊ टोपडं विणलं आणि काही वाईट झालं, तर सगळा दोष आपल्या सुयांवर येईल, ओसरीची पायरी पुन्हा कुणी चढणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती म्हाळसाबाईच्या दारी गेली.

"म्हाळसाबाई, टोपडं इणू का?"

"खुळी का काय तू? प्वार यायच्या आदी आमच्यात चालत न्हाई."

"पोराला कोन म्हनतंय? तुमच्या तांब्याला इणती. सुनंला ऊन पानी लागतंय न्हवं? उघड्या तांब्यात गार पडतंय."

म्हाळसाबाईनं डोळे बारीक केले. "तांब्याला टोपडं. आन बंद बी असत्याल त्याला?"

"असत्याल की. वाऱ्यानं उडाय नगं."

म्हाळसाबाई कडक होती खरी, पण गेलेली नात तिचीही होती. तिनं आत सुनेकडे एकदा बघितलं. मग पदर सावरत म्हणाली, "मग जरा सैल इण. आमचा तांब्या मोठ्या डोस्क्याचा हाय. आज्यावर गेलाय."

आत हौसा खुदकन हसली. वर्षभरात पहिल्यांदा.

तांब्याला टोपडं झालं, हनुवटीखाली बांधतात तसे बंदही बांधले गेले. गावानं आधी तोंडात बोटं घातली आणि मग पदराआड हसून घेतलं. सटवाईही येऊन डोकावून गेली, असं म्हणतात. तिला दिसला टोपडं घातलेला तांब्या. आता तांब्याच्या कपाळी ती काय लिहिणार? आली तशी परत गेली.

हौसाच्या कळा सुरू झाल्या त्या दिवशी दिवस उगवताना गवतावरचं दव गोठलं होतं. असं म्हणतात की घराघरांतल्या घागरींवर बर्फाची साय धरली होती आणि फक्त म्हाळसाबाईच्या तांब्यातून वाफ निघत होती. बाळ रडलं तशी म्हाळसाबाईनं तांब्याचं टोपडं ओढून काढलं आणि नातवाच्या डोक्याला बांधलं. ऊन ऊन टोपडं. नातू जगला. चांगला ऐंशी वर्षं जगला आणि मरेपर्यंत त्याला थंडी कशी ती कळली नाही.

मग काय, गावातल्या ज्या त्या बाईच्या तांब्याला थंडी वाजू लागली! आत्याच्या सुया थांबेनात. असं म्हणतात, लोकर संपत आली की मेंढ्या आपणहून तिच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. ती गेली कधी, हे कुणालाच सांगता येत नाही. माळावर दाट धुकं उतरलं की म्हातारी माणसं एवढंच म्हणतात, आत्यानं विणायला घेतलं वाटतं.

आजही गारमाळातल्या बायका घरी बसून टोपडी विणतात. फोनवरून मागण्या येतात, लांबलांबच्या शहरांत पुडकी जातात. पण 'बाळासाठी टोपडं आहे का' असं विचारलंत तर 'नाही' म्हणतील. तांब्यासाठी मागा, लगेच काढून देतील, आणि देण्याआधी बयजाआत्याचं नाव घेऊन ते ऊन पाण्याच्या तांब्यावर घडीभर चढवतील.

गावात ज्या घरी कुणाला दिवस गेलेले असतात, तिथं ओसरीवर टोपडं घातलेला तांब्या दिसतो. कधी टोपडं तांब्यावरच राहून जातं. त्या घरी बायका काही न विचारता येऊन बसतात. पण बहुतेक वेळा एके सकाळी तांब्या बोडका दिसतो. मग डोक्यावर मोळी घेऊन चाललेली परक्या गावची बाईसुद्धा थांबते, मोळी खाली उतरवते आणि दारातून विचारते, "झालं का गं? बघू तरी!"