दोन पारख्यांचं एकमत

फार फार पूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणाराही आता कुणी उरला नाही.

त्या राज्यातल्या लोकांना जुन्या नाण्यांचं भारी वेड होतं. ती कुणी विकत नसे, खर्चत नसे. जपून ठेवायची आणि सणासुदीला पाहुण्यांना दाखवायची. इथवर ठीक होतं, वेड कुणाला नसतं? पण माझं नाणं तुझ्यापेक्षा सरस, हे ठरवायची खाज लोकांना सुटली आणि राजाने त्यासाठी दोन पारखी नेमले. तिथून सगळं बिघडलं.

पारखी नाण्याला आणे देत. सोळा आणे म्हणजे टाकसाळीतून आत्ता पडल्यासारखं, दोन आणे म्हणजे पार झिजलेलं. आकडा ठरला की नाणं लाकडी डबीत ठेवून त्यावर लाखेची मोहर लावायची. पारखायची रीत एकच, आणि तिचा दोघांनाही मोठा तोरा. नाण्यावरून अंगठा तीनदा दाबून फिरवायचा. "डोळा फसतो, अंगठा फसत नाही," असं दोघेही म्हणत. एक तांबडं पागोटं घाली, दुसरा पांढरं. तांबड्याला फक्त झीज दिसे, पांढऱ्याला फक्त झळाळी. एरवी दोघांचं कशावरही जमत नसे.

राज्याच्या टोकाला एका तळ्याकाठी भोई लोकांचं गाव होतं. मासे धरून पोट भरणारी माणसं. ते तळं कुण्या जुन्या राणीने स्वतः उभं राहून खणवलेलं. तिचा चेहरा असलेलं एकच नाणं जगात उरलं होतं, आणि ते एका म्हाताऱ्या भोईणीच्या घरी होतं. सासूने सुनेला द्यायचं, अशी सात पिढ्यांची चाल. नाणं चिंधीत गुंडाळून भाताच्या तुसात ठेवलेलं असे. वर्षातून एकदा, तळं काठोकाठ भरलं की, भोईण ते कडांना धरून गावाला दाखवी. राणीच्या तोंडाला कुणी बोट लावायचं नाही, हा नियम. लावलंच, तर भोईण त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. बाई तोंडाची फटकळ होती.

एके वर्षी राजाने दवंडी पिटवली. ज्यांनी तळी, घाट, पूल बांधले, त्यांचे दगडी पुतळे त्या त्या जागी उभे राहतील. चेहरा नाण्यावरून घडवला जाईल. मात्र नाणं निदान बारा आण्यांचं हवं, आणि त्यावर दोन्ही पारख्यांचं एकमत हवं.

भोईणीला आनंद झाला. आपली राणी बांधावर उभी राहणार, नातवंडं-पतवंडं तिला रोज बघणार! ती नाणं घेऊन दरबारात आली.

तांबड्याने तीनदा अंगठा फिरवला. "अकरा. कानाशी ओरखडा आहे."

पांढऱ्याने तीनदा फिरवला. "चौदा. कडेची झळाळी बघा जरा."

दोघांची जुंपली. तीन दिवस आणि अठरा वेळा अंगठे फिरल्यावर दोघेही दमले आणि तांबडा म्हणाला, "जाऊ द्या. बारा म्हणू." पांढऱ्याने मान डोलावली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण भोईणीच्या कानावर आलं होतं, की वरच्या गावातल्या पूल बांधणाऱ्याच्या नाण्याला तेरा आणे मिळालेत. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"पूलवाल्याला तेरा, आन् आमच्या राणीला बारा?" ती गरजली. "न्हाई चालायचं! फिरून पारखा!"

आता काय, आयतंच कोलीत मिळालं. तांबडा पुन्हा अकरावर गेला, पांढरा पंधरावर. एकाने मोहर लावायची, दुसऱ्याने ती फोडायची. डबीच्या फटीतून झिरपून नाण्याला चिकटलेली लाख चिंचेने आणि राखेने घासून काढायची, आणि मग अंगठा. आज हा, उद्या तो. दरबारात तांबड्यांचे आणि पांढऱ्यांचे तट पडले. शहाण्यासुरत्या माणसांनी एकमेकांच्या घरचं पाणी सोडलं. एका पंडिताने ओरखडा कसा मोजावा यावर पोथी लिहिली. पोथी! तिकडे तळ्याचा बांध खचत होता, त्यावर दोन ओळी लिहायला कुणाला वेळ नव्हता.

चौथ्या महिन्यात भोईणीने नाणं पाहिलं आणि ती किंचाळली.

"अवं थांबा! नाक गेलं तिचं!"

"ऐकलंत?" तांबडा खूश झाला. "झीज आहे, हे बाई स्वतःच कबूल करते."

"झीज असेल," पांढरा म्हणाला, "पण झळाळी वाढलीय!"

"चुलीत घाला ती झळाळी! माझं नाणं मला द्या. न्हाई पायजे पुतळा."

"तसं कसं?" तांबडा म्हणाला. "वाद मिटेपर्यंत नाणं दरबाराचं. फिरून पारखा, असं तूच म्हणालीस ना?"

 भोईणीला पारख्यांचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून अधिक. बारा आणे काय वाईट होते? राणीने काय पूलवाल्याशी शर्यत लावली होती?

वर्ष सरलं. एके दिवशी तांबड्याने अंगठा फिरवला आणि म्हणाला, "दोन आणे." पांढऱ्याने फिरवला आणि म्हणाला, "दोन आणे."

एकमत झालं! दरबाराने टाळ्या पिटल्या. दोघा पारख्यांनी एकमेकांना मिठी मारली, पेढे वाटले. भोईणीने नाणं हातात घेतलं. ते सुपारीसारखं गुळगुळीत झालं होतं. डोळे नाहीत, ओठ नाहीत, काही नाही.

तिने समोरचं पेढ्यांचं ताट उधळलं. "महाराज, या दोघांनी वरीसभर माझ्या राणीला चोळलं. जगात तिचं तोंड यांच्याइतकं कुणी बघितलं न्हाई. इचारा यांना, कशी दिसत होती ती!"

राजाने विचारलं. तांबड्याने बराच विचार केला. "कानाशी ओरखडा होता," तो म्हणाला. पांढरा म्हणाला, "कडेला झळाळी होती." नाक कसं होतं, ती हसत होती की गंभीर होती, दोघांनाही एक अक्षर सांगता येईना.

पुतळा घडवायला बोलावलेला मूर्तिकार भोईणीकडे वळला. "आजी, तुम्ही सांगा."

"ओठ असे, की आता हाक मारंल," भोईण म्हणाली. आणि रडू लागली. हाकेवरून दगड कसा घडवायचा? मूर्तिकाराने मान खाली घातली.

राजाने दोन्ही पागोटी उतरवून पारख्यांना हाकलून दिलं. पण पारखी हाकलल्याने गेलेलं नाक थोडंच परत येतं?

राजाने बारा आण्यांची अट सोडली, आणि बांधावर पुतळा उभा राहिला. अंगावर लुगडं, हातात कुदळ, आणि चेहऱ्याच्या जागी कोरा दगड. कुणीतरी सुचवलं, एखाद्या देखण्या बाईचं तोंड बसवू या. भोईण त्याच्या अंगावर धावून गेली.

"हात लावायचा न्हाई! असाच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आम्ही काय केलं, ते दिसू दे सगळ्यांना."

तर लहानथोर हो, एवढंच ध्यानात ठेवा: जो उणं-अधिक मोजण्यासाठीच भांडत बसतो, त्याच्या हातून मोलाची वस्तूच झिजून जाते.