बुरशी न धरणारा पाव

“महिनाभर बुरशी न धरणारा पाव उद्या सकाळी दरबारात हजर कर, नाहीतर तुझी भट्टी बंद!” हेमकेतू राजाने ठकू पाववालीला फर्मान सोडलं. भट्टी बंद म्हणजे चूलही बंद!

झालं होतं असं, की झुंबरशेठ नावाच्या व्यापाऱ्याने कसली तरी पांढरी पूड पिठात मिसळून पाव काढला. कापसासारखा मऊ, महिना उलटला तरी जसाच्या तसा! राजा बेहद्द खूश, रोज तोच पाव खायचा. तेव्हापासून त्याचं पोट सारखं दुखायचं, आंबट ढेकर यायचे, पण बोलणी खायचा बिचारा आचारी. ठकूचा पाव मात्र तिसऱ्या दिवशी हिरवा पडायचा. पडणारच! पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण यापलीकडे तिने त्यात कधी काही घातलंच नव्हतं.

सकाळी ठकू रिकाम्या हातांनी दरबारात उभी राहिली.

“पाव कुठाय?” राजा गरजला.

“करते की महाराज! शेठजींचीच पूड घालते. फक्त आमच्या धंद्याची एक रीत आहे. भट्टीतला पहिला पाव, तो करणाऱ्यानेच गिऱ्हाइकासमोर खायचा. मी रोज दारात बसून खाते. शेठजींनी आज त्यांचा पाव इथं खाऊन दाखवावा, म्हणजे मला पूड घालायला धीर येईल.”

“एवढंच ना? खा हो शेठ!” राजाने आपल्या न्याहारीच्या ताटातला पाव पुढे केला.

शेठ मागे सरकला. “खाल्ला असता महाराज, पण आज एकादशी. कडक उपास!”

“मग उद्या खा.”

“उद्या?” शेठला घाम फुटला. “उद्या... उद्या संकष्टी!”

दरबारात खसखस पिकली. म्हातारे राजपुरोहित तर ताडकन उठलेच. “एकादशीच्या दुसऱ्या दिवशी संकष्टी? अहो शेठ, चंद्र काय तुमच्या पेढीवर नोकरीला आहे?”

आता ठकूला राहवेना. “शेठजी, एवढे उपास करता, तर रोज सकाळी माझ्या भट्टीतून तुमच्या घरी टोपलीभर पाव जातात, ते कोण खातं हो?”

शेठ हळूच दाराकडे सरकू लागला. राजा चरकला, पण हट्ट सोडीना. “ते असू दे! पण याच्या पावाला बुरशी धरत नाही, हे तरी खरं ना?”

“अगदी खरं महाराज! ज्याला बुरशीसुद्धा तोंड लावायला धजत नाही, ते तुम्ही मात्र रोज आवडीने खाताय!”

राजा असा काही हसला, की दुखरं पोट धरून सिंहासनावरच आडवा झाला. हसता हसताच त्याने शेठच्या कोठाराला टाळं ठोकायला सांगितलं, आपल्या हातातलं सोन्याचं कडं ठकूला दिलं आणि राजवाड्याचा पाव कायमचा तिच्याकडे सोपवला.

“पण ठकू, इथंही पहिला पाव तूच खाणार?”

“रीत म्हणजे रीत, महाराज! तुमच्यासमोर बसून खाईन. बुडवायला दूध तेवढं राजवाड्यातलं हवं!”