टाकी, घण आणि साळुंकी

एका माळावर एक पाण्याची टाकी होती, अन् तिच्या खोबणीत साळुंकी, तिचा दादला नि तीन बिनपंखी पिल्लं राहत होती. टाकीच्या काँक्रीटमध्ये गवंड्याने बारीक जीव कालवले होते. भेगेत पाणी शिरलं की ते जागे होत आणि चुना करून भेग बुजवत.

एकदा टाकीला केसाएवढी भेग पडली. लोकांनी घाबरून पाणी सोडून दिलं, टाकी भरणारा नळ बंद केला आणि पाडायला घण आणून ठेवला.

"फुटकी मेली! उद्याच पाडतो," घण म्हणाला.

साळुंकी तडक त्याच्या दांड्यावर बसली. "तोंड सांभाळ, मुडद्या! पाणी हेच तिचं औषध. तेच तोडलंत, वर तिलाच फुटकी म्हणता?"

"आणि पाणी भरूनही नाही बुजली तर?"

"तर घाल घाव, माझ्या पिल्लांसकट! पण औषध न देता मारायचं, हा कुठला न्याय?"

हे ऐकून नळाला लाज वाटली. तो आपणहून सुटला. टाकी भरली, तसं लोकांनी पाडणं काही दिवस पुढे ढकललं. भेग आधी ठिबकली, मग नुसती ओलावली, मग तिच्यावर पांढरी रेघ धरली. लोकांनी हात फिरवून पाहिला, तर कोरडा! घण परत गेला.

साळुंकीच्या तिन्ही पिल्लांना त्याच खोबणीत पंख फुटले, आणि पुढच्या साली तिथे चार अंडी झाली.